पणजीत न्याहारी आणि संध्याकाळचा पेला: शुक्रवार-शनिवारचा बेत

पणजीला खाण्यापिण्यासाठी दोन दिवस जायचं असेल तर शनिवार-रविवार धरू नका, शुक्रवार-शनिवार धरा. एक दिवस रजा टाकावी लागली तरी टाका. पणजीतली न्याहारी ही पर्यटकांसाठी मांडलेली गोष्ट नाही. सरकारी कचेऱ्यांत, बँकेत, बाजारात जाणारी माणसं कामावर पोचण्याआधी जे खातात ते हे खाणं. ती माणसं रविवारी घरी असतात, म्हणून हॉटेलंही रविवारी घरी असतात. जुन्या बारांचंही तेच. शनिवारी दुपारी उतरून रविवारी सकाळी भाजीपाव शोधत हिंडणारे पाहुणे चर्चच्या चौकात नेहमी दिसतात. शेवटी ते हॉटेलातल्या बुफेवर टोस्ट-बटर खातात आणि पणजीत काही नाही असं सांगत परत जातात.

किनाऱ्यावरचा गोवा इथे डोक्यातून काढून टाका. कळंगुट-बागा वेगळं, पणजी वेगळी. कोणत्या जागा गाठायच्या त्याहून किती वाजता गाठायच्या हे इथे जास्त महत्त्वाचं. म्हणून हा बेत घड्याळाप्रमाणे मांडला आहे.

गुरुवारी रात्री निघा

मुंबई, पुणे, कोल्हापूर, कुठूनही रात्रीची बस पकडली तर सकाळी पणजीच्या कदंब स्थानकावर उतरता येतं. न्याहारीसाठी याहून चांगली वेळ नाही. मुंबईहून रेल्वेने यायचं तर कोकणकन्या रात्री निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करमळीला सोडते. करमळी हे पणजीला सर्वांत जवळचं स्थानक, साधारण 12 किलोमीटर. मडगावपर्यंत झोपून राहिलात तर उलटं तीसेक किलोमीटर यावं लागतं, म्हणून तिकीट करमळीचंच काढा. विमानाने येणाऱ्यांनी मोपा आणि दाबोळी यातला फरक तिकीट काढतानाच बघावा. दोन्ही गोव्यातच आहेत, पण एक उत्तर टोकाला आणि दुसरं वास्कोला.

मुक्कामाला फोंतेन्यास किंवा साओ तोमे भागातलं एखादं गेस्ट हाऊस घ्या. मिरामारला समुद्र आहे, पण प्रत्येक न्याहारीला आणि प्रत्येक पेल्याला वाहन लागेल. साओ तोमेतून चर्चचा चौक, महापालिकेचं उद्यान, जुनं सचिवालय, मांडवीचा काठ, सगळं पायी होतं. आणि संध्याकाळी पिणार असाल तर पायी होणं हीच खरी सोय. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. भाड्याची स्कूटर घ्यायची असेल तर ती दिवसासाठी ठेवा.

खोली दुपारी बाराशिवाय मिळत नाही. सामान गेस्ट हाऊसच्या दारात ठेवा, तोंड धुवा आणि बाहेर पडा.

पहिली सकाळ: भाजी

साडेसात ते साडेआठ ही वेळ. त्याआधी भाजी जेमतेम उतरलेली असते. नऊनंतर ऑफिसवाल्यांची गर्दी उसळते, आणि दहाच्या पुढे पातळ भाजी संपली असं ऐकायची तयारी ठेवावी लागते.

दोन नावं पुरेशी आहेत. एक कॅफे ताटो, चर्चच्या चौकाजवळच्या गल्लीत, शाकाहारी. दुसरं कॅफे भोसले, सिने नॅशनलजवळ. ताटोत गर्दी असली तर भोसले आणि भोसलेत असली तर ताटो, असं करू नका. दोन्हीकडे एकाच वेळी गर्दी असते. जिथे आहात तिथे कुणाच्या तरी टेबलावर रिकामी खुर्ची बघा, नजरेनेच विचारा आणि बसा. अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घेणं इथे रोजचं आहे. समोरचा माणूस पेपर वाचत असेल, त्याला गप्पांत ओढायची गरज नाही.

इथे भाजीपाव मागितला की मुंबईची लोणी टाकून ठेचलेली पावभाजी येत नाही. बशीत भाजी येते आणि शेजारी पाव. भाजी कोणती ते तुम्ही सांगायचं. पातळ भाजी म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची किंवा अळसाण्याची (चवळीसारख्या कडधान्याची), नारळाच्या वाटपातली, सैलसर. सुकी म्हणजे बटाट्याची, मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीची. बऱ्याच ठिकाणी टोमॅटोचीही भाजी असते. पहिल्यांदा आलेल्याने मिक्स मागावी.

मिक्स भाजीची बशी नीट बघण्यासारखी असते. मधोमध बटाट्याचा पिवळा ढीग, त्याच्या भोवती पातळ भाजीचा रस्सा, आणि हा रस्सा हळूहळू बटाट्याच्या बुडाशी शिरत असतो. वाटाणा अख्खा असतो पण बोटाने दाबला की सालीतून सुटतो. वाटपात खोबरं, धणे आणि लाल मिरची लागते, पण तिखटपणा जिभेवर आधी येत नाही, तो दुसऱ्या पावाला येतो. पाव कडक कवचाचा असेल तर त्याचं कवच आधी रश्श्यात बुडवा आणि आतला मऊ भाग बटाट्यासाठी ठेवा. चमचा ठेवतात, पण आजूबाजूला फारसं कुणी तो उचलत नाही.

पावाऐवजी पुरी मिळते, आणि बन्स मिळतात. बन्स म्हणजे पिकलेली केळी आणि मैदा मळून, पीठ मुरू देऊन तळलेली जाड, फुगीर, गोडसर पुरी. नुसती चहाबरोबर खाणारे आहेत, भाजीबरोबर खाणारेही आहेत. मी दुसऱ्या गटातला. गोड-तिखटाची ही जोडी सांबाराबरोबर इडली खाण्यात नाही. मिरचीचं भजं दिसलं तर एक घ्या, मात्र दोघांत एकच घ्या, कारण शेवटी शिऱ्यासाठी जागा हवी.

पैसे उठून गल्ल्यावर द्यायचे. वेटर तोंडीच आकडा ओरडून सांगतो, आणि गल्ल्यावरचा माणूस तुम्ही काय खाल्लं ते तुमच्याहून नीट जाणतो. सुटे पैसे जवळ असू द्या. दोघांचं पोटभर खाणं एखाद्या मॉलमधल्या कॉफीच्या आसपास जातं.

मराठी बोललात तर सगळं कळतं. उत्तर कोंकणीत आलं तर तेही तुम्हाला कळेल. हिंदीत सुरुवात करण्याचं काही कारण नाही.

दुपारपर्यंत काय

खाल्लेलं जिरवायला चर्चच्या पायऱ्या आहेत. या जागी 1541 मध्ये छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर बांधलं गेलं आणि 1619 मध्ये त्याचं आजचं मोठं चर्च झालं. पुढे जुन्या सचिवालयापर्यंत चालत जा. हा मुळात आदिलशहाचा वाडा. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहनशास्त्राच्या इतिहासातला हा गोवेकर पाद्री कांदोळीचा. तिथून मांडवीचा काठ. नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटींकडे दुर्लक्ष करणं जमलं तर काठ अजूनही छान आहे.

साडेअकराच्या सुमाराला पोटात परत जागा होते. उद्यानासमोर मिस्टर बेकर 1922 आहे, वर्ष नावातच. फोंतेन्यासमध्ये 31 जानेवारी रस्त्याच्या परिसरात कॉन्फेतारिया 31 दे जानेरो आहे, 1930 च्या दशकातली बेकरी. रस्ता आणि ही बेकरी, दोन्हींच्या नावात तारीख एकच का, तर 31 जानेवारी 1891 रोजी पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला होता, त्याची आठवण. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी रस्त्याने नाव ठेवलं आणि बेकरीनेही. इथे पॅटिस, कटलेट पाव, बेबिंका असं घ्या. बेबिंका ताटलीत सरळ कापलेली हवी, थर सुटे दिसायला हवेत. एक तुकडा दोघांना पुरतो, कारण नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर आणि तूप याशिवाय त्यात मैदाच काय तो असतो.

फोंतेन्यासमध्ये फोटो काढा, पण घरांच्या ओट्यावर, ज्याला इथे बाल्कांव म्हणतात, तिथे बसून नको. ती लोकांची घरं आहेत. आत कुणी आजारी आहे, कुणी वामकुक्षी घेतंय. अनेक घरांवर तशा पाट्या लागल्या आहेत, आणि त्या लावाव्या लागल्या यातच सगळं आलं.

एक वाजला की दुकानं बंद होऊ लागतात, आणि साडेतीन-चारपर्यंत शहर झोपतं. तुम्हीही माशाचं ताट जेवा आणि झोपा. संध्याकाळसाठी ती झोप लागणारच आहे.

संध्याकाळ: आधी गाडा, मग बार

उपाशी पोटी फेणी पिऊ नये, हा नियम गोव्यात कुणी शिकवत नाही, कारण कुणी तसं करतच नाही. संध्याकाळी सहानंतर गाडे लागतात. त्यावर रोस ऑम्लेट असतं: कांदा-मिरची घातलेलं ऑम्लेट, त्यावर कोंबडीच्या शागुतीचा किंवा तशाच नारळाच्या वाटपाचा गरम रस्सा, वरून कच्चा कांदा आणि लिंबू, सोबत पाव. रस्सा म्हणजेच रोस. त्यात मांसाचे तुकडे शोधू नका, आलेच तर नशीब समजा. शेजारच्या गाड्यावर चोरीस पाव असेल: मीठ, लाल मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं सॉसेज, कांद्याबरोबर परतून पावात. हे खाल्लंत तर पुढे दोन पेले सुरक्षित.

बारात साडेसहा-सातला शिरा. जुने बार उशिरापर्यंत चालत नाहीत, दहाच्या सुमाराला खुर्च्या उचलू लागतात. रात्री साडेदहाला जागा मिळेल असं समजून जेवून बाहेर पडणारे बंद दारासमोर उभे राहतात.

सुरुवात साओ तोमेमधल्या जोसेफ बारपासून करावी. खोली एवढी लहान की चार-पाच टेबलांत ती भरते, आणि मग माणसं पेला घेऊन दाराबाहेर गल्लीत उभी राहतात. ही गर्दी तरुण आहे, बऱ्यापैकी बाहेरची आहे, पण पिणं इथलंच आहे. हुराक, फेणी, आणि कोकम घातलेली तांबडी रोझा. पहिल्यांदा फेणी चाखणाऱ्याला मी तांबडी रोझाच सांगेन. कोकमाचा आंबटपणा फेणीच्या वासाला थोडं मागे ढकलतो. पुढचा पेला मात्र साधा घ्या.

त्या वासाबद्दल बोलायलाच हवं, कारण फेणीवर नाक मुरडणारे सगळे वासावर अडतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना तो परका वाटणार नाही. काजूच्या झाडाखाली पडून पिकलेल्या बोंडूंचा, उन्हात थोडा आंबू लागलेला वास. फेणी त्यातूनच येते. बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडात कोरलेल्या उथळ टाकीत, पायाने तुडवतात. रस काही दिवस आंबवतात. मग तो भट्टीवर चढतो. पहिल्या गाळपाचा हुराक, त्यात अल्कोहोल साधारण 15 टक्क्यांच्या घरात. हुराक आणि रस मिळून पुन्हा गाळलं की फेणी, ती 42-43 टक्क्यांची. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं.

हुराक फक्त मोसमात, साधारण मार्च ते मे. तो टिकत नाही, पावसाळा लागला की त्याची मजा गेली. त्या महिन्यांत गेलात तर फेणीकडे बघूही नका, हुराकच प्या. उंच पेल्यात बर्फ, हुराक, लिंबाची फोड पिळून, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, आणि वरून लिम्का. लिम्का गोड वाटत असेल तर अर्धा सोडा. मिरची पहिल्या घोटात कळत नाही. पेला अर्धा झाला की ती बोलू लागते, तेव्हा काढून बाजूला ठेवा नाहीतर तिसरा घोट घशात अडकेल. हुराक सरबतासारखा उतरतो आणि उठताना गुडघ्यांना कळतो. दोन पेल्यांनंतर थांबून पाणी प्या.

मोसम नसेल तर फेणी. लहान पेला, लहान घोट, पाण्याचा ग्लास बाजूला. सोडा-लिंबाबरोबर घेतली तरी कुणी नावं ठेवत नाही. कोलात मिसळून मात्र नको, मग रमच घ्या. माडाची फेणी वेगळी, ती नारळाच्या सुरापासून, म्हणजे माडीपासून, होते आणि दक्षिण गोव्यात जास्त चालते. मिळाली तर चव बघायला एक घ्या. फेणीवर बिअर आणि बिअरवर फेणी, दोन्ही टाळा. दुसऱ्या दिवशी सकाळची भाजी हवी आहे ना?

जोसेफमध्ये श्वास घ्यायला जागा नसेल तर साओ तोमे आणि फोंतेन्यासच्या गल्ल्यांत आणखी लहान बार आहेत, काहींना धड पाटीही नाही. दारातून आत बघा. चार-पाच वयस्कर माणसं, भिंतीवर देवाची तसबीर, टीव्हीवर फुटबॉल, असं दिसलं की आत जा. शिरताना ‘देव बरी सांज दिवूं’ म्हणा, कोपऱ्यातली जागा घ्या, आवाज त्यांच्याहून खाली ठेवा. अशा ठिकाणी फोटो काढू नये आणि काय चांगलं आहे असंही विचारू नये, कारण बाटल्या चारच असतात. स्वयंपाकघर असेलच असं नाही. उकडलेली अंडी किंवा शेंगदाणे मिळाले तर मिळाले.

गाण्यांची हौस असेल तर पणजीतच फॉर द रेकॉर्ड नावाचा बार आहे, तिथे तबकड्या वाजवतात आणि लोक खरंच ऐकतात. खिसा तिथे जास्त हलका होतो. बसून, वाढून घेऊन प्यायचं असेल तर उद्यानाकडे तोंड करून वरच्या मजल्यावर क्लब वास्को द गामा आहे, 1909 चा. सज्जातलं टेबल मिळालं तरच जा.

गोव्यातही पिण्याला किमान वयाची अट आहे. रस्त्यावर, नदीकाठी, किनाऱ्यावर बाटली उघडणं कायद्याने बंद आहे, आणि गोव्यात सगळं चालतं या समजुतीवर दरवर्षी भरपूर दंड वसूल होतो.

शनिवार

दुसऱ्या सकाळी काल जिथे गेला नाहीत तिथे जा. ताटो झालं असेल तर भोसले. एकाच पदार्थाची दोन ठिकाणची चव लागोपाठ घेतल्याशिवाय मत बनवू नये. माझं मत असं की पातळ भाजी एकाकडे सरस आणि पुरी दुसऱ्याकडे. कुणाकडे काय, हे लिहिलं तर पणजीत मला चहा मिळायचा नाही.

भोसलेतून उठलात की बाजारात जा. पणजीच्या बाजारात शनिवारी सकाळी गावठी भाज्या, चोरीसच्या माळा, आमसुलं, खारं सुकं असं सगळं असतं. चोरीस घरी न्यायची असेल तर इथेच घ्या. बोटाने दाबून बघा, घट्ट आणि कोरडी हवी. तेल सुटून कागद ओला झालेली बसमध्ये शेजाऱ्याशी भांडण लावेल.

संध्याकाळी काल आवडलेल्या बारातच परत जा. नवीन जागा शोधण्याचा मोह होईल, पण दुसऱ्या संध्याकाळी ओळखीची मान हलते आणि पेला न सांगता पुढे येतो, ती गंमत तिसऱ्या-चौथ्या बाराच्या यादीत नाही.

रविवार उरलाच तर

साडेसहाला उठा. फोंतेन्यासच्या गल्लीत पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर येतो, रबरी भोंगा वाजवत, मागे प्लॅस्टिकने झाकलेली पावाची टोपली. त्याच्याकडून गरम पोई घ्या. कोंड्याच्या पिठाची, चपटी, आत पोकळ. रात्रीच लोणी आणून ठेवलेलं असेल तर तुमची रविवारची न्याहारी झाली. नसेल तर उद्यानाच्या आसपासची उडपी पद्धतीची एक-दोन हॉटेलं बहुधा उघडी सापडतात. तिथली भाजी चालेल, पण काल-परवाची आठवण काढत खावी लागेल.

मग रायबंदरला जा. पणजी-रायबंदर रस्ता पोंत दे लिन्यारिश या सतराव्या शतकातल्या दगडी बांधावरून जातो, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरांची खाजणं. रायबंदरहून दिवाडी बेटाला फेरीबोट आहे, पायी जाणाऱ्याला भाडं पडत नाही. दिवाडीवर न्याहारीची किंवा पिण्याची यादी करत बसू नका. तिथे चालायला जायचं.

कधी जाऊ नये

गणेशचतुर्थीला. गोव्यातल्या हिंदू घरांचा हा वर्षातला सर्वांत मोठा सण. हॉटेलचे मालक, आचारी, वेटर सगळे आपापल्या गावी जातात आणि भाजीपावाची हॉटेलं काही दिवस बंद राहतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा खोल्यांचे भाव चढतात आणि बारात उभं राहायलाही जागा नसते. कार्निव्हलला गंमत आहे, पण ती वेगळी गंमत. गांधी जयंतीसारखे कोरडे दिवस आणि निवडणुकांच्या तारखा तिकीट काढण्याआधी बघा. सर्वांत चांगला काळ एप्रिलचा पहिला पंधरवडा. उकडतं, घाम येतो, पण हुराक तेव्हाच असतो आणि गर्दी पांगलेली असते. गुड फ्रायडेचा आठवडा तेवढा टाळा.

परतताना

फेणीची बाटली विकत घ्यायची तर परवानाधारक दुकानातून, शिक्का आणि लेबल असलेली घ्या. टॅक्सीवाल्याच्या ओळखीतली प्लॅस्टिकच्या बाटलीतली घेऊ नका, त्यात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. बाटली महाराष्ट्रात न्यायची तर परवाना लागतो. बिल जवळ असलं म्हणजे झालं असं नाही. सीमेवर उत्पादन शुल्क विभागाची तपासणी असते आणि बसही थांबवतात, त्यामुळे दुकानदाराला विचारून कागद पुरे करा किंवा बाटली घेऊच नका. काजू, बेबिंका, चोरीस आणि पोई यांना कुणी अडवत नाही. पोई त्याच रात्री घरी पोचणार असेल तर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये ती चामट होते. सकाळी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की परत फुगते.